कालचा निश्चय आणि आजचा विवेक

माणसाच्या निश्चयाबद्दल मराठीत दोन परस्परविरुद्ध दोष सांगितले जातात. घेतलेला निर्णय वरचेवर बदलणाऱ्याला आपण धरसोड वृत्तीचा म्हणतो. परिस्थिती बदलली तरी निर्णय न बदलणाऱ्याला हेकट म्हणतो. विवेकी माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असला पाहिजे हे उघड आहे. पण नेमका कुठे? काल ठरवलेली गोष्ट आज मोडणे केव्हा शहाणपणाचे आणि केव्हा अविवेकाचे, हे सांगणारा एखादा नियम आहे काय?

शिक्षकांना हा प्रश्न रोज भेटतो. जूनमध्ये विद्यार्थी अभ्यासाचे वेळापत्रक आखतो: रोज पहाटे एक तास गणित. ऑगस्ट उजाडेपर्यंत ते वेळापत्रक भिंतीवरच राहिलेले असते. विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगतो, की गणिताचे महत्त्व त्याला जूनमध्ये पटले होते तितकेच आजही पटते. अशा वेळी ‘कळते पण वळत नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. पण या शेऱ्यात एक खरा वैज्ञानिक प्रश्न दडलेला आहे. येथे चूक झाली ती विचारात, की इच्छाशक्तीत? की मुळात चूकच झालेली नाही? या प्रश्नावर गेल्या शतकभरात अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, गणिती आणि तत्त्वज्ञ यांनी बराच विचार केला आहे. त्यातला मुख्य धागा आपण येथे पाहू.

एका क्षणाचा विवेक आणि अनेक क्षणांचा विवेक

तर्कशास्त्राचे जे नियम आपण शाळेत शिकतो ते एकाच क्षणाला लागू होतात. ‘सर्व धातू विजेचे वाहक आहेत’ आणि ‘तांबे हा धातू आहे’ ही दोन्ही विधाने मान्य असणाऱ्याने त्याच क्षणी ‘तांबे विजेचे वाहक नाही’ असे मानू नये. आवडीनिवडीचेही तसेच. पेरूपेक्षा आंबा आवडतो, चिकूपेक्षा पेरू आवडतो, आणि तरी आंब्यापेक्षा चिकू आवडतो असे एका दमात म्हणणाऱ्याला आपण पुन्हा विचार करायला सांगू. हे नियम जणू मनाचे एक छायाचित्र तपासतात.

आता छायाचित्राऐवजी चित्रपट घेऊ. सोमवारी एखाद्याला आंबा जास्त आवडतो, मंगळवारी चिकू. दोन्ही दिवशी त्याच्या मनात कोणतीही विसंगती नाही. मग सोमवार आणि मंगळवार यांच्यात मेळ असलाच पाहिजे, अशी मागणी विवेक करतो का? आपल्या लेखाचा प्रश्न तो हाच.

हिरवी कळ दाबणारी कबुतरे

या प्रश्नाकडे जाण्याची एक चांगली वाट कबुतरांच्या खुराड्यातून जाते. अमेरिकन संशोधक जॉर्ज एन्स्ली यांनी १९७४ साली दहा कबुतरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कबुतरासमोर लाल प्रकाशाची एक कळ उजळे. तिच्यावर चोच मारली की थोडे खाद्य ताबडतोब मिळे. चोच न मारता काही सेकंद धीर धरला तर जास्त खाद्य मिळे. बहुतेक कबुतरांनी ९५ टक्क्यांहून अधिक वेळा लाल कळेवर चोच मारली, म्हणजे थोडे पण ताबडतोब मिळणारे खाद्य पसंत केले. येथवर नवल काही नाही.

मग एन्स्लींनी एक भर घातली. लाल कळ उजळण्याच्या आधी एक वेगळ्या रंगाची, समजा हिरवी, कळ उजळे. तिच्यावर चोच मारली तर नंतर लाल कळ उजळतच नसे. मोह समोर येण्याची वाटच बंद होई आणि थांबल्यावर मिळणारे जास्तीचे खाद्य आपोआप मिळे. दहापैकी तीन कबुतरे ही हिरवी कळ सातत्याने दाबायला शिकली. हिरव्या कळेमुळे लाल कळेला अटकाव होत नाही अशी रचना केली तेव्हा त्यांनी ती दाबली नाही. म्हणजे केवळ रंगाच्या आवडीने ती कळ दाबत नव्हती.

तीच कबुतरे, तेच खाद्य, तेवढाच फरक. दुरून पाहताना त्यांना जास्तीचे खाद्य हवे होते. जवळ आल्यावर ताबडतोबीचे. मधल्या काळात खाद्याबद्दल कोणतीही नवी माहिती त्यांना मिळालेली नव्हती. फक्त वेळ गेला होता.

भविष्याचा वटाव

हे असे का होते ते समजण्यासाठी थोडे अंकगणित करू. हे फळ्यावर सहज करून दाखवता येते.

उद्या मिळणारा रुपया आज मिळणाऱ्या रुपयापेक्षा आपल्याला कमी मोलाचा वाटतो. सावकार हुंडी मुदतीपूर्वी वटवताना वटाव कापून घेतो, तसाच वटाव आपले मन भविष्यातल्या प्रत्येक लाभावर कापत असते. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या नियमाने कापते. १९३७ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी एक साधा नियम मांडला: वटावाचा दर कायम असावा, चक्रवाढ व्याजासारखा. समजा, लाभ एक दिवस दूर गेला की त्याचे मूल्य दहा टक्क्यांनी घटते. आता दोन पर्याय घेऊ: दहाव्या दिवशी ६० रुपये किंवा बाराव्या दिवशी १०० रुपये. कोणत्याही दिवशी उभे राहून पाहिले तरी दुसरा लाभ पहिल्यापेक्षा दोनच दिवस दूर आहे. म्हणून तुलना नेहमी ६० आणि १०० × ०.९ × ०.९, म्हणजे ६० आणि ८१ अशीच राहते. निर्णय कधीच उलटत नाही.

हाच दर दिवसाला तीस टक्के धरला तर तुलना ६० आणि ४९ अशी होते. हा माणूस फार उतावळा आहे. पण तोही पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ६० रुपयेच निवडतो. उतावळेपणा आणि विसंगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

कबुतरांच्या बाबतीत मात्र हा नियम जुळत नाही. जेम्स मेझर यांनी १९८७ मध्ये कबुतरांच्या प्रयोगांवरून दुसरे सूत्र मांडले. त्याचे सर्वांत सोपे रूप असे:

मूल्य = रक्कम ÷ (१ + उरलेले दिवस)

आपलेच उदाहरण या सूत्रात घालू.

दिवस ० : ६० रुपयांचे मूल्य ५.४५, १०० रुपयांचे मूल्य ७.६९
दिवस ५ : अनुक्रमे १०.०० आणि १२.५०
दिवस ८ : अनुक्रमे २०.०० आणि २०.००
दिवस ९ : अनुक्रमे ३०.०० आणि २५.००
दिवस १० : अनुक्रमे ६०.०० आणि ३३.३३

आठव्या दिवसापर्यंत १०० रुपयांचे पारडे जड आहे. त्या दिवशी दोन्ही समान होतात आणि नवव्या दिवशी पारडे फिरते. विद्यार्थ्यांनी या दोन रकमांचे आलेख काढले तर दोन वक्र एकमेकांना छेदताना दिसतील. रस्त्यावरून दूरचा उंच मनोरा आणि त्याच्या अलीकडची बैठी इमारत पाहिली तर मनोराच वर दिसतो. इमारतीच्या पायथ्याशी पोहोचलो की तीच मनोऱ्याला झाकून टाकते. मनोऱ्याची उंची काही कमी झालेली नसते.

माणसेही असेच वागतात याचे पुरावे आहेत. रिचर्ड थेलर यांनी १९८१ मध्ये काही लोकांना विचारले, की आज मिळणाऱ्या १५ डॉलरऐवजी एका महिन्याने, एका वर्षाने आणि दहा वर्षांनी किती रक्कम मिळाली तर चालेल? उत्तरांचे मध्यक अनुक्रमे २०, ५० आणि १०० डॉलर होते. वार्षिक दराच्या भाषेत हे सुमारे ३४५, १२० आणि १९ टक्के होतात. नजीकच्या काळासाठी मन जबर वटाव कापते, दूरच्या काळासाठी सौम्य. अर्थात, दर कायम नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी १९५५-५६ मध्येच याचा परिणाम गणिताने दाखवला होता. वटावाचा दर चक्रवाढीप्रमाणे कायम नसेल, तर आज आखलेली सर्वोत्तम योजना उद्या त्याच माणसाला सर्वोत्तम वाटणार नाही. त्यावर त्यांनी दोन मार्ग सुचवले. आजच स्वतःला बांधून घ्यावे. नाहीतर उद्या आपण जी योजना मोडणार हे ठाऊक आहे ती आखूच नये, उद्या पाळली जाईल अशांपैकी उत्तम ती निवडावी.

हा अविवेक आहे का?

येथपर्यंत आपण मन कसे चालते ते पाहिले. त्याने कसे चालावे, हा प्रश्न वेगळा. ‘असे वागणे चूक आहे’ म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद तोट्याचा आहे.

वरच्या उदाहरणातल्या माणसाकडे दहाव्या दिवशीच्या ६० रुपयांची चिठ्ठी आहे असे समजा. पहिल्याच दिवशी एक चतुर व्यापारी त्याला म्हणतो, ‘एक रुपया द्या आणि ही १०० ची चिठ्ठी घ्या.’ तो आनंदाने देतो, कारण त्या दिवशी दोन चिठ्ठ्यांच्या मूल्यांत दोन रुपयांहून अधिक अंतर आहे. नवव्या दिवशी व्यापारी पुन्हा येतो: ‘एक रुपया द्या आणि तुमची ६० ची चिठ्ठी परत घ्या.’ तो तेही आनंदाने करतो. शेवटी हातात तीच ६० ची चिठ्ठी राहते आणि खिशातून दोन रुपये जातात. दोन्ही व्यवहार राजीखुशीने झाले, फसवणूक कोणी केली नाही, तरी तोटा मात्र निश्चित.

असाच युक्तिवाद श्रद्धा आणि मते यांच्याबद्दलही करता येतो. फ्रँक रॅम्से यांनी १९२६ मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवले, की ज्याच्या मनातल्या संभाव्यता गणिताचे नियम पाळत नाहीत त्याला पैजांमध्ये निश्चित तोट्यात पाडता येते. डेव्हिड लुईस यांनी हीच कल्पना काळाला लागू केली आणि पॉल टेलर यांनी ती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे एक सोपे उदाहरण घेऊ.

दोन पिशव्या आहेत. पहिलीत तीन पांढऱ्या गोट्या आणि एक काळी. दुसरीत एक पांढरी आणि तीन काळ्या. नाणेफेक करून एक पिशवी निवडली आहे. कोणती ते आपल्याला माहीत नाही. तिच्यातून उद्या एक गोटी काढायची आहे. ती पांढरी निघाली तर पिशवी पहिली असण्याची संभाव्यता किती? थॉमस बेझ यांच्या, १७६३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधावरून जो नियम पुढे आला त्यानुसार उत्तर आहे तीन-चतुर्थांश.

समजा, एक गृहस्थ आज हे उत्तर मान्य करतात, पण गोटी पांढरी निघाली तरी उद्या आपण ‘अर्धी-अर्धी शक्यता’ असेच म्हणणार आहोत, हेही सांगून ठेवतात. आज ते ‘पिशवी पहिली असल्यास १०० रुपये’ अशी चिठ्ठी ७५ रुपयांना घ्यायला तयार होतील. अट एवढीच, की गोटी काळी निघाली तर पैसे परत. गोटी पांढरी निघालीच, तर उद्या ती चिठ्ठी ते ५० रुपयांना विकायला तयार असतील. म्हणजे पांढरी निघाली तर २५ रुपयांचा तोटा, काळी निघाली तर ना नफा ना तोटा. यात ‘गोटी पांढरी निघेल’ अशी दहा रुपयांची बरोबरीची पैज जोडा. पांढरी निघण्याची शक्यता निम्मी असल्याने ती त्यांना रास्तच वाटेल. आता पांढरी निघाली तर १५ रुपयांचा तोटा आणि काळी निघाली तर १० रुपयांचा. कसेही झाले तरी तोटा.

येथे पैसे ही केवळ मोजपट्टी आहे. आपण पुराव्याकडे आज ज्या नजरेने पाहायचे ठरवतो आणि पुरावा आल्यावर ज्या नजरेने पाहतो, त्या दोहोंत मेळ नसेल तर काहीतरी बिघडले आहे, एवढेच हा युक्तिवाद दाखवू पाहतो.

आक्षेप: दोन मित्रांचे काय?

हा युक्तिवाद पक्का वाटतो. पण डेव्हिड क्रिस्टेन्सन या तत्त्वज्ञाने १९९१ मध्ये त्यावर एक मार्मिक आक्षेप घेतला. दोन व्यक्तींची मते वेगळी असली तरी चतुर व्यापारी दोघांशी वेगवेगळ्या पैजा लावून दोघांचा मिळून निश्चित तोटा करू शकतो. म्हणून काय दोघांपैकी कोणी अविवेकी ठरतो? दोन मित्रांनी सर्व बाबतींत एकमत असलेच पाहिजे अशी मागणी विवेक करत नाही. मग ‘कालचा मी’ आणि ‘आजचा मी’ यांचे एकमत असलेच पाहिजे, ही मागणी तरी कशाच्या बळावर? ब्रायन हेडन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हीच भूमिका टोकाला नेली आहे: विवेकाचे सारे नियम एकेका क्षणाचेच असतात. या क्षणी हाताशी असलेल्या पुराव्यावरून या क्षणी योग्य तो विचार करावा. काल काय ठरवले होते ही केवळ इतिहासाची बाब.

या भूमिकेत तथ्य आहे, हे आपल्या रोजच्या अनुभवातूनही दिसते. पहिले म्हणजे विसरणे. गेल्या वर्षीच्या एखाद्या ठरावीक दिवशी आपण दुपारी काय जेवलो हे त्या दिवशी आपल्याला पक्के माहीत होते, आज नाही. मधल्या काळात कोणताही नवा पुरावा आला नसता मत बदलले, तरी विसरणाऱ्याला अविवेकी कोणी म्हणत नाही.

दुसरे म्हणजे, कालचा निर्णय केवळ कालचा आहे म्हणून पाळणे हीही मोठी चूक ठरू शकते. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी कॉन्कॉर्ड विमान बांधण्याचा करार १९६२ मध्ये केला. खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पट वाढला, खरेदीदार कंपन्या मागे हटल्या, तरी ‘इतके घातले आहे, आता कसे सोडायचे’ हा विचार प्रकल्पामागे राहिला. १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली तेव्हा अवघी १४ विमाने सेवेत आली. ती सेवाही २००३ मध्ये संपली. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड डॉकिन्स आणि टॅम्झिन कार्लाइल यांनी १९७६ मध्ये अशा विचारसरणीला ‘कॉन्कॉर्डचा तर्कदोष’ असे नाव दिले. बुडालेला खर्च पुढचा निर्णय ठरवू शकत नाही. बुडालेला निश्चयही नाही.

मग योजना कशासाठी?

तर मग निश्चयाला काहीच वजन नाही काय? आम्हाला तसे वाटत नाही, आणि याचे उत्तम उत्तर मायकेल ब्रॅटमन यांनी १९८७ मध्ये दिले. माणसाची विचारशक्ती मर्यादित आहे आणि वेळही. रोज सकाळी ‘आज पाचवा धडा घ्यावा की सातवा’ याचा मुळापासून विचार करणारा शिक्षक वर्षअखेर कोणताच धडा पुरा करू शकणार नाही. शिवाय आपल्या योजनेवर इतरांच्या योजना उभ्या असतात. शाळेचे वेळापत्रक हे तीस-चाळीस जणांच्या निश्चयांचे विणकाम आहे. एक धागा रोज सुटू लागला तर सारे कापड उसवते.

म्हणून निश्चयाचे काम आज्ञा देण्याचे नसून प्रश्न मिटवण्याचे आहे. तो निवांतपणी, सर्व बाजू पाहून केलेल्या विचाराचे सार जपून ठेवतो, म्हणजे धावपळीच्या वेळी तो विचार पुन्हा करावा लागत नाही. योजनेप्रमाणे चालायला दर वेळी नवे कारण शोधावे लागत नाही. ती मोडायला मात्र कारण लागते. आणि केवळ मोह जवळ आला, हे कारण होऊ शकत नाही. कारण तो जवळ येणार हे योजना आखताना ठाऊकच होते. ते गणितात धरूनच योजना आखली होती.

क्रिस्टेन्सन यांच्या आक्षेपालाही येथे उत्तर मिळते, निदान काही अंशी. दोन मित्रांचे खिसे वेगळे असतात. ‘कालचा मी’ आणि ‘आजचा मी’ यांचा खिसा एकच, शरीर एक, आयुष्य एक. पहाटेचा तास आज चुकवणारा आणि मार्चमध्ये परीक्षेला बसणारा विद्यार्थी एकच असतो. हे उत्तर सर्वांना मान्य आहे असे नाही. ‘योजनेचे हे सारे फायदे म्हणजे आजचीच कारणे झाली, काळाचा वेगळा नियम नव्हे,’ असे हेडन यांच्या बाजूचे म्हणतात, आणि हा वाद तत्त्वज्ञानात मिटलेला नाही. मात्र व्यवहारात दोन्ही पक्ष आपल्याला एकाच प्रश्नाकडे आणतात: काल आणि आज यांच्यामध्ये बदलले काय?

स्वतःला बांधून घेण्याची युक्ती

होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसने जलपऱ्यांचे गाणे ऐकण्यापूर्वी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. आपल्याकडचा मातीचा गल्ला हीच युक्ती करतो: फोडल्याशिवाय पैसे निघत नाहीत. महिन्याची भिशीही तेच करते. हप्ता चुकवला तर चारचौघांत मान जाते. या युक्तीची मोजदाद नावा अशरफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी फिलिपिन्समध्ये केली; ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका ग्रामीण बँकेच्या ७१० ग्राहकांना असे खाते देऊ करण्यात आले, की स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज साध्या खात्याइतकेच. निव्वळ हिशेब पाहिला तर असे खाते कोणी का घ्यावे? तरीही २०२ जणांनी, म्हणजे २८ टक्के ग्राहकांनी, ते घेतले. बारा महिन्यांनंतर, ज्या गटाला हे खाते देऊ केले होते त्या गटाच्या सरासरी शिलकेतली वाढ तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा ८१ टक्के-बिंदूंनी अधिक होती. तीन कबुतरांची हिरवी कळ ती हीच.

विज्ञानालाही ही दोरी लागते. प्रयोग चालू असताना हवा तसा निष्कर्ष दिसू लागला की तेथेच थांबण्याचा, किंवा मोजायचे ठरवले होते ते सोडून जे सोयीचे दिसते ते मोजण्याचा मोह कोणत्याही संशोधकाला होतो. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारेही त्याला अपवाद नाही. म्हणून नव्या औषधांच्या चाचण्यांत काय मोजणार हे आधी जाहीर नोंदवण्याची पद्धत आली. अमेरिकेत अशी नोंदवही २००० मध्ये सुरू झाली, भारतात २००७ मध्ये. रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरॉनिका अर्विन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्या तपासल्या. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये मुख्य निकषावर उपचाराचा लाभ दिसला होता. नंतरच्या २५ पैकी फक्त दोनमध्ये. फरकाचे श्रेय एकट्या नोंदणीला देता येणार नाही, पण या काळात झालेला तो सर्वांत ठळक बदल होता.

वर्गात परत येताना

आता ‘कळते पण वळत नाही’ या शेऱ्याकडे पुन्हा पाहू. मुलांच्या धीराबद्दलचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग अनेक शिक्षकांना ठाऊक असेल: समोर एक गोड खाऊ, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात चमकली, असा निष्कर्ष खूप गाजला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गटावर तपासले तेव्हा, घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला.

त्याहूनही बोलका प्रयोग सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे दोन गट केले. आधी प्रत्येकाला ‘थोडे थांब, चांगले रंग आणून देते’ असे सांगितले. एका गटाला ते खरोखर मिळाले. दुसऱ्याला ‘नाहीत गं’ असे सांगून तसेच ठेवले. मग खाऊचा प्रयोग झाला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. दुसऱ्या गटातली सुमारे ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ होती, दुसऱ्यातल्या १४ पैकी एक.

दुसऱ्या गटातली मुले अविवेकी होती का? मुळीच नाही. त्यांच्याकडे नवा पुरावा होता: येथे दिलेला शब्द पाळला जात नाही. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावे लागणारे मूल जूनमध्ये वार्षिक परीक्षेची योजना मनावर घेत नसेल, तर त्याचा हिशेब कदाचित आपल्यापेक्षा अचूक असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते: पहाटे उठायचा कंटाळा करून वेळापत्रक मोडणारे मूल आणि वेळापत्रकावर विश्वास ठेवायला कारणच नसलेले मूल. पहिल्याला गल्ल्यासारखी युक्ती लागते. दुसऱ्याला पाळला जाणारा शब्द लागतो. उपदेश दोघांनाही पुरत नाही.

यासाठी आठवी ते दहावीच्या वर्गात एक छोटा उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्याची योजना चिठ्ठीवर लिहावी आणि नावाऐवजी स्वतःची एखादी खूण करावी. चिठ्ठ्या गोळा करून ठेवाव्यात आणि आठवड्याने परत द्याव्यात. योजना मोडली असेल तर मागच्या बाजूला एका वाक्यात लिहावे: मधल्या काळात काय बदलले? उत्तरे तीन गठ्ठ्यांत पडतील. काही जणांना नवी माहिती मिळालेली असेल. काहींची परिस्थिती बदललेली असेल. आणि काहींच्या बाबतीत काहीच बदललेले नसेल, फक्त करायची वेळ जवळ आलेली असेल. पहिल्या दोन गठ्ठ्यांतल्यांनी योजना बदलली हे योग्यच केले, हे वर्गात मोकळेपणाने सांगावे. तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांना रागावू नये. त्यांना छेदणाऱ्या दोन वक्रांचा आलेख दाखवावा आणि पुढच्या आठवड्यासाठी हिरवी कळ कोणती, ती कोणत्या दिवशी दाबायची, हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.

अशा चिठ्ठ्या शिक्षकांनीही लिहाव्यात. आपले तिन्ही गठ्ठे मुलांच्या गठ्ठ्यांपेक्षा फार वेगळे निघतील असे आम्हाला वाटत नाही.